डाव्या हाताचा मळ

यवतमाळ जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ सात, पण लोकसभेला ते तीन दिशांना पांगतात. यवतमाळ, राळेगाव, दिग्रस आणि पुसद हे यवतमाळ-वाशीममध्ये, वणी आणि आर्णी चंद्रपुरात, उमरखेड हिंगोलीत. २००८ च्या फेररचनेने झालेली ही वाटणी पुढाऱ्यांच्या खालोखाल कुणाला पाठ असेल, तर फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर बॅनर रचणाऱ्या ऑपरेटरला. वाढदिवसाच्या बॅनरवर वरच्या ओळीत कोणाकोणाचे फोटो, कोणत्या क्रमाने आणि केवढे, हे गावाचं नाव ऐकताच त्याला ठरवावं लागतं. उमरखेडच्या बॅनरवर चंद्रपूरचे खासदार झळकले तर फ्लेक्स वाया आणि पैसे दुकानाच्या अंगावर. म्हणून नेत्यांचे कापून ठेवलेले फोटो पक्षवार, मतदारसंघवार फोल्डरांत तयार असतात, आणि ते उचलण्याची वाट बोटांत बसलेली असते.

गिऱ्हाईक खुर्चीमागे उभं राहून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतं आणि 'दहा मिनिटांत द्या' म्हणतं. ऑपरेटरचा उजवा हात माऊसवर, डावा कीबोर्डवर. कंट्रोल आय, फोटो आत आला. पी दाबलं, पानाच्या मधोमध बसला. शिफ्ट पेजअप, सगळ्यांच्या वर आला. एफ-८, आता मजकूर. नाव टाइप झालं, एफ-१२ ने अक्षरांना पांढरी कड दिली. एफ-४ दाबून सगळं पान एकदा डोळ्यांखालून घातलं, आणि शेवटी कंट्रोल क्यू. या शेवटच्या चावीने अक्षरं अक्षरं राहत नाहीत, नुसत्या रेषा होतात. मग छापणाऱ्याच्या संगणकात तो फॉन्ट असो वा नसो, काना-मात्रा हलत नाही. 'कर्व्ह मारून पाठव' हे वाक्य या धंद्यात दिवसातून कितीदा उच्चारलं जातं याला गणती नाही. कर्व्ह न मारता गेलेल्या फाइलीतलं 'हार्दिक अभिनंदन' दुसऱ्या टोकाला इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा खिचडा होऊन उतरतं.

मेनू उघडून शोधणारा ऑपरेटर या धंद्यात शिकाऊ समजला जातो. जाणत्याचा मेनू मिटलेलाच असतो, कारण रोजचं काम त्याने चाव्यांवर आणून ठेवलेलं असतं. पॉवरक्लिप, म्हणजे फोटो एखाद्या चौकटीत किंवा गोलात कोंबणं, हे बॅनरवाल्याला पदोपदी लागतं. मेनूच्या पोटातली ही आज्ञा तो हाताशी येईल अशा चावीवर बांधतो. न लागणारी बटणं ऑल्ट दाबून ओढून काढतो, लागणारी वर आणतो. शेजारच्या दुकानातला ऑपरेटर त्याच्या खुर्चीत बसला तर पहिली पाच मिनिटं चाचपडतो.

ही सवय संगणकाने लावली असं वाटतं, पण तिचं मूळ खिळ्यांच्या छापखान्यात आहे.

लोकनायक बापूजी अणे यांनी लोकमान्य टिळकांच्या अखेरच्या वर्षांत यवतमाळात 'लोकमत' सुरू केलं. पुढे १९५२ मध्ये जवाहरलाल दर्डा यांनी त्याच नावाचं साप्ताहिक यवतमाळातूनच काढलं, आणि १९७१ मध्ये नागपूरला त्याचं दैनिक झालं. साप्ताहिकाच्या त्या काळात जिल्ह्याच्या गावी अंक निघायचा म्हणजे एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. इंग्रजीला सव्वीस अक्षरांचे दोन संच, आकडे आणि विरामचिन्हं पुरतात. देवनागरीला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, उकार-वेलांट्या मिळून खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागत. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकातच या खिळ्यांना जे रूप दिलं, त्यावर मराठी छपाई कित्येक पिढ्या पोसली. पण खिळे कुठलेही असोत, ते केसच्या, म्हणजे खणाखणांच्या लाकडी पेटीच्या, कोणत्या खणात पडायचे हे जुळाऱ्याच्या हातावर ठरे. 'र', 'त', 'च' यांसारखी सतत लागणारी अक्षरं आणि काना हाताच्या पहिल्या टप्प्यात, 'ङ' आणि 'ञ' कोपऱ्यात. मांडणीचा सर्वसाधारण शिरस्ता होता, तरी छापखाना बदलला की चार-दोन खण इकडचे तिकडे झालेले असत, आणि नवा जुळारी पहिला आठवडा चुकीच्या खणात हात घालत असे. बटणांची मांडणी आपल्या सोयीने लावून घेणं ही गोष्ट शिसाच्या खिळ्यांइतकी जुनी आहे. फरक इतकाच की लाकडी केसचं सेटिंग कुणाला एका फटक्यात पुसता येत नसे.

फोटोची गोष्ट वेगळी होती. छापायच्या फोटोसाठी जस्ताचा ब्लॉक लागे आणि तो करून आणायला बहुधा मोठं शहर गाठावं लागे. घरी लावायच्या फोटोचं संपादन मात्र गावातल्या स्टुडिओतच होई. निगेटिव्ह तिरक्या काचेवर ठेवून, खालून उजेड घेऊन, टोकदार शिसपेन्सिलीने देवीचे व्रण आणि सुरकुत्या भरून काढणं हे रिटचिंग. कृष्णधवल छायाचित्रावर पातळ रंग चढवून गाल गुलाबी आणि शालू हिरवा करणं हे त्याच्या पुढचं. सगळ्यांत नाजूक काम मयताच्या फोटोचं. माणूस गेल्यावर घरचे लोक एखाद्या लग्नाच्या ग्रुपमधला अंगठ्याएवढा चेहरा घेऊन येत आणि त्याचा भिंतीवरचा फोटो करून मागत. कॉलर नसेल तर कॉलर, टोपी तिरकी असेल तर सरळ. हे काम आजही येतं, फक्त पेन्सिलीच्या जागी क्लोन स्टॅम्प आणि हीलिंग ब्रश आले. शेतकरी आत्महत्यांनी गेली पंचवीस वर्षं होरपळलेल्या या जिल्ह्यात असं काम किती हातांखालून गेलं असेल, याचा हिशेब कोणत्याही सरकारी पॅकेजच्या कागदात नाही.

टाइपरायटरने बोटांना दुसरी शिस्त लावली. तालुक्याच्या गावी टायपिंग इन्स्टिट्यूट म्हणजे नोकरीची पहिली पायरी. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची मराठी तीस आणि चाळीस शब्दांची परीक्षा द्यायची आणि तहसील, पंचायत समिती, न्यायालयातल्या जागांची वाट पाहायची. गोदरेजने पहिला भारतीय टाइपरायटर १९५५ मध्ये बाजारात आणला, तरी इन्स्टिट्यूटमध्ये 'रेमिंग्टन' हे मांडणीचंच नाव होऊन बसलं. या मांडणीचं तर्कशास्त्र डोळ्यांचं आहे, उच्चाराचं नाही. जे कागदावर आधी दिसतं ते आधी मारायचं. 'कि' लिहायला ऱ्हस्व वेलांटी आधी, क नंतर. अर्धा ग मारायचा आणि पुढे काना मारून तो पूर्ण करायचा. भारत सरकारने १९८६ मध्ये प्रमाण ठरवलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत हे सगळं उलटं झालं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, आणि वेलांटी उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर. विचार केला तर इनस्क्रिप्ट अधिक शहाणी आहे, शिवाय तीच बोटं कन्नड-तेलुगूलाही चालतात. पण परीक्षेसाठी सहा-सहा महिने बोटं घासलेल्या माणसाला शहाणपण शिकवायला कोण जाणार?

म्हणून मराठी संगणकावर आली तेव्हा सॉफ्टवेअर करणाऱ्यांना या बोटांपुढे मान तुकवावी लागली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, आकृती, या सगळ्यांनी कीबोर्ड निवडण्याची सोय दिली आणि त्या यादीत टाइपरायटरची मांडणी ठेवली. सरकारी कचेऱ्यांत सीडॅकचे 'योगेश' आणि 'सुरेख' दिसू लागले, डीटीपीच्या खोल्यांत श्रीलिपी. श्रीलिपीबरोबर डोंगल यायचं, संगणकाला मागून लावायचं एक छोटं कुलूप. ते ज्या यंत्राला लागलेलं, तिथेच मराठी उमटणार. त्यामुळे ज्या दुकानात दोन-तीन संगणक होते तिथे डोंगलचं यंत्र सगळ्यांत अनुभवी माणसाकडे जाई. बाकी सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलेलं असे, असं म्हणायचं धाडस कुणी करू नये.

पेजमेकर, कोरल आणि फोटोशॉप ही त्या खोल्यांतली त्रयी. लग्नपत्रिका आणि स्मरणिका पेजमेकरमध्ये, बॅनर कोरलमध्ये, फोटो फोटोशॉपमध्ये. अल्डस कंपनीचं पेजमेकर १९८५ चं, कॅनडातल्या कोरल कंपनीचं ड्रॉ १९८९ चं. थॉमस आणि जॉन नोल या भावांचं फोटोशॉप फेब्रुवारी १९९० मध्ये निघालं, तेही फक्त मॅकिंटॉशसाठी. विंडोजवर यायला आणखी काही वर्षं गेली. डावीकडे उभी हत्यारांची पट्टी, तीत लॅसो आणि निवडीचा चौकोन, ही कल्पना त्याआधी १९८४ मध्ये बिल अ‍ॅटकिन्सनच्या मॅकपेंटमध्ये रुजली होती. कट, कॉपी, पेस्टचं त्रिकूट त्याहून जुनं: सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लरने ते घडवलं.

आता एक गंमत. फोटोशॉपमध्ये आपल्या चाव्या आपण ठरवण्याची सोय आली २००३ मध्ये, सीएस या आवृत्तीबरोबर. हत्यारांची पट्टी हवी तशी लावण्याची मुभा तर २०१५ च्या नोव्हेंबरपर्यंत नव्हती. आणि भारतातल्या लहान गावांतले स्टुडिओ वर्षानुवर्षं वापरत राहिले ते २००२ चं फोटोशॉप ७. हलकं, जुन्या यंत्रावर पळणारं, हीलिंग ब्रश असलेलं. पटलांची मांडणी जपून ठेवता येत होती, चाव्या बदलता येत नव्हत्या. मग स्टुडिओवाल्याने काय केलं? त्याने अ‍ॅक्शन धरली.

अ‍ॅक्शन म्हणजे केलेल्या क्रियांची नोंद. १९९६ च्या चौथ्या आवृत्तीपासून ती होती आणि तिला एफ-चावी बांधता येत असे, हवं तर शिफ्ट किंवा कंट्रोल जोडून. पासपोर्ट फोटोचंच पाहा. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा फोटो, चार बाय सहा इंची कागदावर आठ प्रती. चेहरा क्रॉप करून घेतला की पुढचं सगळं यंत्रवत असतं: कॅनव्हास साइजने चौफेर पांढरी कड वाढवायची, त्या तुकड्याला पॅटर्न म्हणून नोंदवायचं, चार बाय सहाची नवी फाइल उघडायची आणि तीत तो पॅटर्न ओतायचा. आठही फोटो ओळीत, अंतर समान. हे एकदा नोंदवून एफ-चावीवर टाकलं की काम एका दाबाचं. शिष्यवृत्तीचा, दहावी-बारावीच्या परीक्षेचा, कर्जमाफीचा, अलीकडे लाडक्या बहिणीचा अर्ज, प्रत्येक हंगामात दुकानापुढे लागलेली रांग त्या एका चावीवर सरकली आहे. ऑनलाइन अर्जांनी त्यात भर घातली: फोटो इतक्या केबीच्या आत, सही तितक्या केबीच्या आत. तिलाही अ‍ॅक्शन. तिलाही चावी. फोटोशॉपच्या जनकांनी देऊ न केलेली सोय या दुकानांनी मागच्या दाराने मिळवली होती. हे कौतुकाचं आहे आणि त्याचं कौतुक झालेलं नाही.

लग्नाच्या करिझ्मा अल्बममध्ये हाच प्रकार मोठ्या मापावर. बारा बाय छत्तीस इंचांचं एक उघडं पान, तयार पीएसडी साचे, त्यात हळद, वरात, मंगलाष्टकं, पाठवणी. शेकडो फोटोंचे रंग सारखे करणाऱ्या अ‍ॅक्शनांची फाइल ऑपरेटरच्या पेनड्राइव्हवर असते. तो दुकान सोडून गेला की ती त्याच्याबरोबर जाते, आणि मालकाला कळतं की यंत्र आपलं होतं, वेग त्याचा होता.

सगळ्यांत जास्त दाबली गेलेली चावी मात्र कुणी बांधलेली नव्हती. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन कडक होतं आणि ग्रामीण विदर्भ त्यात सगळ्यांत आधी अंधारात जाई. यूपीएसने कुईकुई सुरू केली की मिनिटभरात काम वाचवायचं. त्या पिढीच्या ऑपरेटरचा डावा हात अजूनही दर दोन ओळींनंतर कंट्रोल एसवर जातो, वीज असो वा नसो.

इतकी मुरलेली बोटं सॉफ्टवेअरच्या कंपनीने एखादी चावी हलवली की कशी पिसाळतात, याचं उदाहरण २०१८ च्या ऑक्टोबरचं आहे. त्या आवृत्तीपर्यंत फोटोशॉपमध्ये कंट्रोल झेड एकच पाऊल मागे जाई आणि पुन्हा दाबलं की तेच पाऊल पुढे येई. आणखी मागे जायला कंट्रोल ऑल्ट झेड. नव्या आवृत्तीत कंट्रोल झेड इतर सॉफ्टवेअरसारखं मागे मागे जाऊ लागलं. त्याच फेरीत फोटो लहान-मोठा करताना प्रमाण राखायला शिफ्ट दाबण्याची वीसेक वर्षांची रीत उलटी झाली. आता शिफ्ट दाबलं की चेहरा फाकला. जगभरातून ओरड झाली. कंपनीने चाव्या बदलण्याच्या खिडकीत, म्हणजे ऑल्ट शिफ्ट कंट्रोल के दाबल्यावर येते तिथे, 'जुन्या रीतीचं अनडू' असा एक चौकोन ठेवलाच होता. तो टिचकवून अनेकांनी बोटांची समजूत घातली. निवडीची कड मऊ करणाऱ्या फेदरची चावीही अशीच मध्येच कंट्रोल ऑल्ट डीवरून शिफ्ट एफ-६ वर गेली, आणि फोटोशॉप ७ वर शिकलेल्यांनी ती परत जुन्या जागी आणून बसवली. कस्टमायझेशन म्हटलं की नवेपणाची हौस डोळ्यांपुढे येते. या दुकानांत ते बरंचसं जुनं सांभाळण्यासाठी झालं आहे.

जुनं सांभाळण्याची किंमतही चुकवावी लागली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशींनी रेखलेला 'मंगल' फॉन्टही आला. पण पेजमेकरला युनिकोड कधीच आलं नाही, २००१ च्या सातव्या आवृत्तीवर ते थांबलं. कोरलला देवनागरीची जोडाक्षरं नीट सांभाळता येऊ लागली ती २०१२ च्या एक्स-६ पासून. फोटोशॉपमध्ये पुढेही कित्येक वर्षं पसंतीच्या खिडकीत दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडल्याशिवाय वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसे. मग कामाचा माणूस श्रीलिपी, टाइपरायटरची मांडणी आणि जुनं कोरल हा आपला घट्ट बसलेला संच कशाला सोडेल? त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांचा मराठी मजकूर अशा फाइलींत अडकला, ज्या फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत आणि ज्यांत शब्द शोधता येत नाही. कंट्रोल क्यू मारलेल्या फाइलीत तर मजकूरच उरलेला नाही, नुसत्या आकृत्या आहेत. एरवी डाव्या हाताचा मळ असलेली ही एक चावी अभिलेखांच्या दृष्टीने फार महागात पडली.

यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरलं: १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली आणि जानेवारी २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या. पहिल्या वेळचे फलक पेंटरच्या ब्रशने रंगले असणार आणि कागद खिळ्यांवर जुळले असणार. दुसऱ्या वेळी उद्घाटनासाठी बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतलं गेलं आणि उद्घाटन कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे या शेतकरी महिलेच्या हस्ते झालं, तेव्हा त्या वादाचे मजकूर-चित्रांचे चौकोन फोनवरून फोनवर फिरत होते. त्यांतले कित्येक फोनवरच तयार झाले असतील. आज गावागावांतली पोरं पिक्सलॅब किंवा कॅनव्हामध्ये अंगठ्याने बॅनर करतात, युनिकोडमध्ये मराठी टाइप करतात किंवा बोलून लिहितात. त्यांना एफ-१२ माहीत नाही आणि त्यावाचून त्यांचं अडत नाही. दहा फुटी फ्लेक्स, बारा बाय छत्तीसचं पान आणि मयताचा फोटो अजून तरी कीबोर्डवाल्याकडेच येतो. अंगठ्याने कॉलर बसवता येत नाही.

कीबोर्डवाल्यांची मांडणी मात्र फार कच्च्या धाग्यावर टांगलेली आहे. कोरल सुरू होताना एफ-८ दाबून धरलं तर वर्कस्पेस मूळ रूपात जातं. फोटोशॉप उघडताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र धरलं तर पसंतींची फाइल पुसायची का, असं ते विचारतं. यंत्र अडलं की दुरुस्तीवाल्याचा पहिला उपाय हाच, आणि दुसरा उपाय विंडोज नव्याने टाकणं. पंधरा वर्षांत जमवलेल्या चाव्या, बटणं आणि अ‍ॅक्शना त्यात जातात.

तेव्हा यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, पांढरकवडा, कुठलंही दुकान असो, फॉरमॅट मारायच्या आधी कोरलचं वर्कस्पेस एक्सपोर्ट करून घ्या, फोटोशॉपच्या चाव्यांची केवायएस आणि अ‍ॅक्शनांची एटीएन फाइल बाजूला काढा आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. कर्व्ह मारण्याआधीची एक प्रत वेगळ्या नावाने जपा. आणि शाळेच्या, संस्थेच्या, यात्रेच्या ज्या स्मरणिका तुमच्या जुन्या हार्डडिस्कमध्ये पडून आहेत, त्यांचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये काढा. डोंगल हरवलं असेल आणि तेही शक्य नसेल, तर छापील प्रत तरी तालुक्याच्या वाचनालयात नेऊन द्या.